फाइल नेमकी आहे कुठे?

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच घोळ आहे. स्क्रीनवर दिसणारी फाइल प्रत्यक्षात कोणत्या डिस्कवर आहे, हे न बघताच ती हलवली किंवा उडवली जाते. म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: सी ड्राइव्ह भरून लाल झाला होता. फोटो क्लाउडवर चढलेले होतेच, म्हणून कॉम्प्युटरवरच्या क्लाउडच्या फोल्डरमधून ते डिलीट केले. दोन दिवसांनी बघतो तर फोनवरही नाहीत आणि वेबसाइटवरही नाहीत. परत मिळतील का?

उत्तर: बहुधा मिळतील, पण आजच कामाला लागा. ब्राउझरमधून खात्यात जा आणि तिथलं रिसायकल बिन किंवा ट्रॅश उघडा. वनड्राइव्हचं वैयक्तिक खातं असो की गूगल ड्राइव्ह, डिलीट केलेली फाइल तिथे ३० दिवस राहते, मग कायमची जाते. फोटो निवडून रिस्टोअर करा. कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्येही तेच फोटो दिसू शकतील, पण दोन्हीकडून रिस्टोअर करू नका. एकेका फोटोच्या दोन-दोन प्रती होतात आणि त्या निवडत बसावं लागतं.

क्लाउडचं फोल्डर सिंक होतं, म्हणजे इथे जे कराल तेच तिथे होतं. नवी फाइल वर जाते तसं डिलीट करणंही वर जातं. त्यामुळे जागा हवी असेल तर डिलीट करायचं नाही. वनड्राइव्हमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडायचं. मग फाइलचं नाव दिसत राहतं, पण आतला मजकूर फक्त क्लाउडवर असतो. नावाशेजारच्या चिन्हांकडे नीट बघा. निळा पोकळ ढग म्हणजे फाइल फक्त क्लाउडवर, पांढऱ्या गोलातली हिरवी खूण म्हणजे सध्या कॉम्प्युटरवरही आहे, आणि भरीव हिरवा गोल म्हणजे कायम कॉम्प्युटरवर ठेवलेली. तरी शंका वाटली तर फाइलच्या 'प्रॉपर्टीज' उघडा. 'साइज' ३ जीबी आणि खाली 'साइज ऑन डिस्क' ० बाइट असं दिसलं, तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाही.

गूगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये हाच फरक 'स्ट्रीम' आणि 'मिरर' या दोन पर्यायांत आहे. मिररमध्ये सगळ्या फाइली डिस्कवरही राहतात, म्हणजे जागा वाचतच नाही.

इथे आणखी एक जण हमखास अडकतो. फक्त क्लाउडवर असलेलं २०० जीबीचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायला घेतलं, की वनड्राइव्ह प्रत्येक फाइल आधी सी ड्राइव्हवर उतरवतो आणि मग पुढे देतो. सी ड्राइव्हवर ४० जीबीच मोकळे असतील तर काम मध्येच थांबतं. २०-२० जीबीचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यानंतर कॉपी उघडून बघा, 'फ्री अप स्पेस' करा आणि मगच पुढचा तुकडा घ्या.

प्रश्न: डी ड्राइव्हवर २०० जीबी रिकामे आहेत आणि सी भरलाय. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडा दिसतो, क्लिकच होत नाही. डीमधली जागा सीला देता येईल का?

उत्तर: सरळ मार्गाने नाही. 'डिस्क मॅनेजमेंट' सीला फक्त त्याच्या लगेच उजवीकडची, कोणत्याही पार्टिशनमध्ये (डिस्कच्या सी, डीसारख्या कप्प्यात) नसलेली जागा जोडू शकतं. डी आक्रसला तर मोकळी जागा डीच्या शेवटी निघते, सीला खेटून नाही. शिवाय अनेक कॉम्प्युटरवर मध्ये रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज दुरुस्त करण्यासाठी राखलेला कप्पा असतो. पार्टिशन सरकवणारी वेगळी सॉफ्टवेअर हे करतात, पण ती लाखो फाइली जागेवरून हलवत असतात. मध्येच वीज गेली तर सगळंच पणाला लागतं. पूर्ण बॅकअप आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय याला हात लावू नका.

आमच्या मते याची गरजच बहुतेकांना नसते. डीवर आधी 'डाउनलोड्स' नावाचं नवं फोल्डर करा. मग सीवरच्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन' टॅब, 'मूव्ह', आणि ते नवं फोल्डर निवडा. नवं फोल्डर न करता थेट डी ड्राइव्हच निवडला तर अख्खा डीच 'डाउनलोड्स' होऊन बसतो आणि ते निस्तरणं कटकटीचं असतं. व्हिडिओंचं फोल्डरही असंच हलवता येतं. विंडोजचं मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर जुन्या विंडोजचं फोल्डर बरेच जीबी अडवून बसतं. ते १० दिवसांनी आपोआप जातं. घाई असेल तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेंपररी फाइल्स' इथून काढा. त्याच यादीत कधी कधी 'डाउनलोड्स'ही असतं, त्यावर खूण नाही याची खात्री करून घ्या. विंडोज फोल्डरच्या आत शिरून हाताने काही उडवू नका.

प्रश्न: १ टीबीची नवी डिस्क ९३१ जीबीच दाखवते. फसवणूक आहे का?

उत्तर: नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट मोजते. विंडोज तीच संख्या १०२४ने तीनदा भागतं आणि ९३१ येतात. मॅकवर तीच डिस्क १ टीबीच्या आसपास दिसेल.

प्रश्न: जुनी बाहेरची हार्ड डिस्क टक टक आवाज करते, कॉपी अर्ध्यात अडकते. 'चेक डिस्क' चालवू का?

उत्तर: अजिबात नको. 'चेक डिस्क' फाइलींची रचना दुरुस्त करायला त्याच डिस्कवर लिहितो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर त्यामुळे वाचण्यासारखं असलेलंही जाऊ शकतं.

आधी केबल बदला आणि यूएसबी हब काढून डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडा. लहान डिस्क यूएसबीतूनच वीज घेतात आणि ती कमी पडली तरी अशीच टकटक होते. आवाज थांबला आणि डिस्क ओळखली गेली, तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. विशेषतः सी५, म्हणजे वाचता न येणारे, पण खराब ठरवायचे की नाही हे अजून न ठरलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे तुकडे). तिथे शून्याऐवजी आकडा असेल आणि तो वाढत असेल तर डिस्कचा भरवसा संपला. मग पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी आधी उचला: फोटो, कागदपत्रं. सिनेमे आणि सॉफ्टवेअर राहू द्या.

कॉपी एकाच ठिकाणी अडकत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. सोबत मॅप फाइल (काय वाचून झालं याची नोंद) ठेवायला विसरू नका, म्हणजे मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. मूळ डिस्क जेवढी, निदान तेवढी मोकळी जागा दुसऱ्या डिस्कवर लागते.

केबल बदलूनही डिस्क ओळखली जात नसेल आणि टकटक सुरूच असेल, तर बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून बघू नका. डेटा महत्त्वाचा असेल तर तो काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्या. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय सांगतात, तो करू नका. आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

प्रश्न: पेनड्राइव्हवर ४० जीबी मोकळे आहेत, तरी ६ जीबीचा व्हिडिओ जात नाही.

उत्तर: तो एफएटी३२ या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. आतलं सगळं दुसरीकडे घ्या आणि एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा. ते विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचता-लिहिता येतं. एनटीएफएस (विंडोजची स्वतःची पद्धत) केलंत तर मॅक ते वाचेल, पण जास्तीचं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय त्यावर लिहिणार नाही.

प्रश्न: कपाटात ठेवायच्या बॅकअपसाठी एसएसडी घ्यावी की हार्ड डिस्क?

उत्तर: हार्ड डिस्क. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज नसताना तो हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठीचा जेडेकचा (चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा) निकष असा की, लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावर ३० अंश सेल्सिअसला विजेविना तिने माहिती १ वर्ष टिकवावी. नव्या एसएसडीत ती बरीच जास्त टिकते, पण उष्णतेने मुदत घटते. हार्ड डिस्कचं उलट आहे, तिला धक्क्याची भीती. फिरत असताना हलवू नका आणि 'इजेक्ट' केल्यावर फिरणं थांबेपर्यंत काही सेकंद हात लावू नका. दर तीन-चार महिन्यांनी जोडून नव्या फाइली टाका, जुन्यांपैकी चार-पाच उघडून बघा आणि पुन्हा काढून ठेवा. कायम जोडलेली ठेवलीत तर कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइली अडवणारा प्रोग्रॅम) तीही कुलूपबंद करतं.