कोल्ड्रिंक प्यायल्याने शुक्राणूंची हालचाल मंदावते का?

रिपोर्टमध्ये शुक्राणूंची गतिशीलता कमी आलीय, रोज एक बाटली कोक लागतो आणि मित्र म्हणतो की कोकने शुक्राणू मरतात, असं तुम्ही लिहिलंय. मी वीर्यतपासणी करणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. तुमच्या मित्रासारखे बरेच जण भेटतात.

मित्र खोटं बोलत नाहीये, पण त्याने ऐकलेला प्रयोग पिण्याबद्दलचा नाहीच. संबंधानंतर कोकने योनी धुतली की दिवस राहत नाहीत, अशी समजूत होती. ती तपासायला १९८५ साली हार्वर्डच्या डेबोरा अँडरसन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत शुक्राणूंमध्ये थेट कोक मिसळला. डाएट कोक सर्वांत मारक निघाला. दोन वर्षांनी तैवानच्या संशोधकांना मात्र फारसा परिणाम दिसला नाही. २००८ मध्ये दोन्ही गटांना मिळून इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा गमतीदार पुरस्कार) मिळालं, एकाला कोक मारतो म्हणून आणि दुसऱ्याला मारत नाही म्हणून! (गर्भनिरोधक म्हणून हा उपाय कुचकामीच, कुणी करू नये.)

प्यायलेला कोक काही कोक म्हणून वृषणापर्यंत जात नाही. तुमच्या कामाचा अभ्यास वेगळाच आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये १८ ते २२ वयाच्या १८९ तरुणांची पाहणी झाली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. साखरेची पेयं सर्वांत जास्त, म्हणजे दिवसाला साधारण सव्वा किंवा त्याहून जास्त वेळा पिणाऱ्यांमध्ये पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण, जवळपास न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी खाली होतं. म्हणजे समजा ६० ऐवजी ५०. आणि हा संबंध जाड मुलांपेक्षा सडपातळ मुलांत जास्त ठळक होता, तेव्हा ‘माझं वजन तर बरोबर आहे’ ही पळवाट नको. अर्थात, यातून कोकच कारण आहे असं सिद्ध होत नाही. जास्त कोल्ड्रिंक पिणाऱ्यांचं बाकीचं खाणं आणि झोपही बिघडलेली असू शकते.

तरी बंद करून बघा, तोटा काहीच नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आठवड्याभरात पुन्हा तपासणी करून पैसे घालवू नका. तीन महिन्यांनी करा. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळा, आणि नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून आणताना उशीर झाला किंवा तो गार पडला, तर हालचाल उगाच कमी दिसते. पुढे सरकणारे ३० टक्क्यांच्या खालीच राहिले तर युरोलॉजिस्टकडून व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं) आहे का ते पाहून घ्या. सिगारेट किंवा तंबाखू चालू असेल, तर कोकच्या आधी ती सोडा.