सुपरकॉम्प्युटर सेंटरकडून दर आठवड्याला येणारे अपडेट्स खरंच वाचावे लागतात का?

तुम्ही म्हणताय अकाउंट नवीन आहे, दर आठवड्याला सेंटरचा लांबलचक मेल येतो, अर्धं डोक्यावरून जातं, मग वाचायचा कशाला. वाचा हो. ट्रेनिंग, वेबिनार वगैरे सोडून दिलं तरी चालेल, पण मेंटेनन्स, स्क्रॅच (तात्पुरत्या फाइल्स ठेवायची जागा), सॉफ्टवेअर आणि अॅलोकेशन (वापरायला मिळालेले मशीनचे तास) हे चार शब्द दिसले की थांबायचं.

मेंटेनन्सचं आधी सांगते कारण त्यात मीच अडकले होते. जॉब (मशीनला चालवायला दिलेलं काम) दोन दिवस पेंडिंग, क्यू (जॉबची रांग) तर रिकामी दिसत होती, मला वाटलं स्क्रिप्टच चुकलीय म्हणून तीच उलटीपालटी करत बसले. झालं असं होतं की मी 48 तास मागितले होते आणि मशीन त्याच्या आधीच बंद होणार होतं. स्लर्म, म्हणजे कुठला जॉब कधी चालवायचा ते ठरवणारा प्रोग्राम, असा जॉब सुरूच करत नाही जो मेंटेनन्सच्या आधी संपणार नाही, आणि स्टेटसमध्ये कारण चक्क लिहिलेलं असतं, मी बघितलंच नव्हतं. 12 तास करून परत टाकला, चेकपॉइंटची सोय (थांबलेलं काम तिथूनच पुढे चालू करायची) होतीच, रात्रीत सुरू झाला. उलट मेंटेनन्सच्या आदल्या दिवशी छोटे जॉब पटापट लागतात कारण मोठे सगळे अडून बसलेले असतात, याचा फायदा घ्या.

सॉफ्टवेअरचा बदल जास्त छुपा असतो. "डिफॉल्ट कंपायलर बदलतोय" अशी एक ओळ येते (कंपायलर म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर), आणि मेंटेनन्सनंतर काल चालणारा प्रोग्राम लायब्ररी सापडत नाही म्हणून पडतो. तो पडला तर बरंच म्हणायचं, कारण कधी कधी चालतो पण शेवटचे आकडे थोडे वेगळे येतात आणि पेपरच्या वेळी ते जुळवताना जीव जातो. म्हणून मॉड्यूल (सेंटरने तयार ठेवलेलं सॉफ्टवेअर) लोड करताना व्हर्जन नंबर लिहाच, आणि लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी प्रत्येक जॉबच्या आउटपुटमध्ये छापून ठेवा.

आता स्क्रॅच, आणि हे मनापासून सांगते. स्क्रॅच वेगवान असतं पण त्याचा सहसा बॅकअप नसतो, आणि ठराविक दिवस हात न लावलेल्या फाइल्स आपोआप उडवल्या जातात. किती दिवस ते प्रत्येक सेंटरचं वेगळं, आणि ते बदललं तर या मेलमधूनच कळतं. शिवाय नियम पाळूनही घात होऊ शकतो. डिसेंबर 2021 मध्ये क्योटो युनिव्हर्सिटीच्या सुपरकॉम्प्युटरवर जुने लॉग (नोंदींच्या फाइल्स) साफ करणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवीन व्हर्जन टाकलं गेलं, कुठलं फोल्डर साफ करायचं ते सांगणारं व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि लॉगऐवजी युजर्सचाच डेटा पुसला गेला, जवळपास 77 टेराबाइट, 3.4 कोटी फाइल्स. 14 ग्रुप्सना फटका बसला, त्यातल्या 4 ग्रुप्सचा डेटा परत आणताच आला नाही. कोणाची तरी वर्षांची मेहनत होती ती, अजूनही वाचताना वाईट वाटतं. त्यामुळे इनपुट फाइल्स, कोड आणि अंतिम निकाल यांची एक कॉपी त्या मशीनच्या बाहेर ठेवाच.

राहिलं अॅलोकेशन. बऱ्याच सेंटर्समध्ये न वापरलेले तास मध्येच काढून घेतात आणि मुदत संपत आली की सगळे एकदम तुटून पडतात, क्यू हलतच नाही. ती तारीख आज मेलमध्ये शोधा आणि गाइडनाही सांगा, कारण मुदतवाढीचा अर्ज बहुतेक त्यांच्याच नावाने करावा लागतो.