अबोल मुलाला लहान विद्यापीठच बरं का?

जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न हमखास असतो. मूल अबोल आहे, स्वतःहून कुणाशी बोलत नाही, मोठ्या विद्यापीठात त्याचा निभाव लागेल का? त्यापेक्षा लहान ठिकाणी घातलेलं बरं ना? लाजऱ्याला लहान जागा आणि धीटाला मोठी, असं उत्तर बहुतेकांनी मनाशी आधीच ठरवलेलं असतं. ठाण्याच्या नौपाड्यात समुपदेशन करताना हे उत्तर चुकलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून एक केस जरा सविस्तर सांगते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब कळव्याच्या खारेगावातलं. मुलगा ठाण्यातल्या एका कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेला. एमएस्सीसाठी दोन ठिकाणी नाव लागलं होतं. एक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. १९४९ सालचं, गणेशखिंडीत ४११ एकरांचा परिसर, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं त्याला संलग्न. दुसरी फोर्टमधली इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. १९२० सालची ही संस्था आधी मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम, सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज आणि ही संस्था मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. दोन्ही विद्यापीठं सरकारी, दोन्हीकडे शिक्षण चांगलं. फरक आकाराचा.

आई, मामा आणि मुलगा असे तिघं आले होते. आई म्हणाल्या, "मॅडम, घरी पाहुणे आले की हा आतल्या खोलीत जाऊन बसतो. पुण्याच्या गर्दीत याला कोण विचारणार? फोर्टला निदान सर नावाने ओळखतील. रात्री घरी जेवायला तरी येईल." मामांचं मत उलट होतं. "पुणे विद्यापीठाचं नाव मोठं आहे. उद्या इंटरव्ह्यूला तेच बघतात." मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्याचं मत दोघांनीही विचारलं नव्हतं.

मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. अशा मुलांना मी "तुला काय आवडेल?" असं सुरुवातीला विचारत नाही, कारण त्याचं उत्तर "काहीही चालेल" असंच येतं. आतापर्यंत कुठे बरं वाटलं आणि कुठे नकोसं झालं, एवढंच विचारते. तो हळूहळू बोलला. अकरावी-बारावीला एकशेवीस मुलांची तुकडी होती. तिथे शेवटून तिसऱ्या बाकावर त्याचं छान चाललं होतं. दोन मित्रही तिथेच मिळाले. पण आईने मुद्दाम शोधून बारा मुलांचा क्लास लावला होता, तिथे सर रोज एकेकाला उभं करून विचारायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो क्लासला गेलाच नाही. घरी "लांब पडतं" असं सांगितलं. खरं कारण आईंना कधीच कळलं नव्हतं.

इथे थोडं थांबते, कारण याच जागी पालकांचा हिशेब चुकतो. लहान संस्थेचा गुण खरा आहे. तीन दिवस मूल आलं नाही तर तिथे कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पण तीच गोष्ट उलटूही शकते. पहिल्या महिन्यात "हा बोलत नाही" असा शिक्का बसला तर तो दोन वर्षं पुसत नाही. मित्रांचा एकच घोळका असतो, त्यात बिनसलं तर जायला दुसरा नसतो. मोठ्या ठिकाणी कुणी विचारत नाही हे खरं, पण कुणी टोकतही नाही. काही अबोल मुलांना त्या मोकळेपणात पहिल्यांदा श्वास घेता येतो.

मग मी त्याला विचारलं, अडलं की तू काय करतोस? या प्रश्नाच्या उत्तरात निम्मी निवड दडलेली असते. तो म्हणाला, वर्गात हात वर करत नाही. पण तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या वेळी लॅबमधला बंद पडलेला पॉवर सप्लाय त्याने आणि लॅब असिस्टंट काकांनी मिळून सुरू केला होता. त्यानंतर ते काका आणि शेजारच्या टेबलावरची दोन मुलं त्याच्या कायमच्या ओळखीची झाली. ते सांगताना त्याचा आवाज बदलला. म्हणजे या मुलाच्या ओळखी गप्पांतून होत नाहीत, शेजारी बसून हाताने काम करताना होतात. मग शोधायचं काय? जिथे त्याला तासन् तास लॅबमध्ये बसू देतील, असा विभाग. विद्यापीठ केवढं आहे यावरून ते कळत नाही.

एमएस्सीला मुलाचा दिवस विद्यापीठात जात नाही, विभागात जातो. शेकडो महाविद्यालयांच्या विद्यापीठातही एका विषयाची तुकडी एका वर्गात मावेल एवढीच असते. तेच चार शिक्षक, तीच लॅब, तोच जिना. विद्यापीठाचा आकार जाणवतो तो त्या विभागाबाहेर पडल्यावर. पुण्यात फिजिक्सच्या मुलाला त्याच परिसरात इलेक्ट्रॉनिक सायन्सचा वेगळा विभाग आहे, जयकर ग्रंथालय आहे, आणि आयुका व एनसीआरए या खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थाही तिथेच आहेत. आणि वसतिगृहाच्या यादीत नाव आलं का, हे पाहायला खेटेही स्वतःच घालावे लागतात. फोर्टमध्ये विद्यापीठ लहान, पण दाराबाहेर अख्खी दक्षिण मुंबई. मात्र कळव्याला लोकल स्लोच थांबतात. सीएसएमटीपर्यंतचा प्रवास आणि पुढची चाल धरली तर रोजचे तीन तास सहज जातात. लॅबमध्ये संध्याकाळी उशिरापर्यंत रमणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे तीन तास नेमके त्याच्या आवडीच्या वेळेतून कापले जाणार होते.

बारावीनंतरच्या पालकांसाठी इथेच सांगते. पदवीला आपल्याकडे बहुतेक मुलं संलग्न महाविद्यालयात शिकतात, त्यामुळे तिथे "मोठं विद्यापीठ की लहान" हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. गुणपत्रिकेवर मुंबई विद्यापीठाचं नाव असलं तरी मुलाची तीन-चार वर्षं ठाण्याच्या किंवा वाशीच्या एका इमारतीत जातात. कॉलेज पाहा. ते स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षाही त्याच्याच हातात असतात, पदवी तेवढी विद्यापीठाची.

मामांच्या शंकेवरही बोललो. नावाचा उपयोग अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, पहिल्या अर्जाच्या वेळी थोडा होतो. पण या मुलाला पुढे संशोधनात जायचं होतं. त्यासाठीच्या नेट, गेट, जेस्ट या परीक्षांचा पेपर सगळ्यांना एकच असतो, आणि मुलाखतीत तू प्रोजेक्टमध्ये स्वतः काय केलंस हे खोदून विचारतात. मामांना हे पटलं.

मी त्यांना दोन कामं दिली. पहिलं, दोन्ही ठिकाणी साध्या कामाच्या दिवशी जाऊन यायचं, आणि आत मुलाने एकट्याने फिरायचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारायचं, प्रोजेक्टचा गाइड कसा ठरतो? पाचनंतर लॅब उघडी असते का? शनिवारी? मागच्या वर्षी कुणी मध्येच सोडून गेलं का, आणि का? हा शेवटचा प्रश्न मुलांना विचारायला संकोच वाटतो, पण मिळणारं उत्तर फार कामाचं असतं. तो पहाटेची इंद्रायणी पकडून शिवाजीनगरला उतरला आणि दिवसभर विभागात बसून आला. नंतर फोर्टलाही गेला. दुसरं काम, मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना लागणारा दाखला, त्याने स्वतः काढायचं. त्याची बीएस्सी मुंबई विद्यापीठाची आणि ही दोन्ही विद्यापीठं वेगळी असल्यामुळे ते कुठेही लागणारच होतं. मामा एका दिवसात आणून देतो म्हणत होते, मी नको म्हटलं. खिडकीवर जाऊन, चुकलेला फॉर्म परत भरून, कागद हातात पडेपर्यंत त्याला जमतं का, हे त्याला स्वतःलाच कळायला हवं होतं. वेळ लागला, पण जमलं.

त्याने पुणे निवडलं. फोर्टचे शिक्षक त्याला जास्त आपुलकीचे वाटले, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पण लॅबचा वेळ आणि प्रवास या दोन गोष्टींनी पारडं फिरवलं.

पहिलं सत्र सोपं गेलं नाही. गणपतीत घरी आला तो परत जायला तयार नव्हता. मेसमध्ये एकटा जेवत होता, वसतिगृहातला रूममेट वेगळ्या विषयाचा होता. तेव्हा आईंनी रोज दोनदा फोन करायचं थांबवून रविवारी एकदाच निवांत बोलायचं ठरवलं. त्याने विभागातल्या एका सिनियरला यंत्रजुळणीत मदत करायची परवानगी मागितली. तोंडी जमेना म्हणून चिठ्ठी लिहून. दिवाळीनंतर त्याला तिथे जागा मिळाली. सेमिनारमध्ये तो आजही अडखळतो, त्यावर आमचं काम चालू आहे.

त्याच हंगामात घणसोलीची एक मुलगी आली होती. बोलकी, वर्गात वाद घालणारी. घरच्यांनी तिच्यासाठी मोठं विद्यापीठ गृहीतच धरलं होतं. तिला मात्र हुज्जत घालायला वेळ देणारे शिक्षक हवे होते, घोळका नको होता. ती फोर्टला गेली आणि तिथे रमली आहे.

दोन ठिकाणी नाव लागलेल्या पालकांना एक सांगते. एकीकडे फी भरून झाली म्हणून मुलाला तिथेच अडकवू नका. प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत मिळण्याचे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम आहेत, त्या वर्षीच्या तारखा आधी बघून ठेवा. आणि मुलाला विभागात एक दिवस एकट्याने घालवू द्या. संध्याकाळी परतल्यावर "कसं वाटलं?" असं विचारलंत तर "ठीक" एवढंच ऐकू येईल. त्यापेक्षा आज कुणाशी बोललास, कशावरून बोलणं निघालं आणि जेवलास कुठे, एवढं विचारा.