बातम्यांचं ऑटोमेशन पॅनल: एकदा ऑटोवर टाकलं की बुलेटिन आपोआप पूर्ण होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याच्या एका स्थानिक वृत्तवाहिनीत तुम्ही लागलाय, बुलेटिनच्या ऑटोमेशन सॉफ्टवेअरचं कंट्रोल पॅनल तुमच्याकडे येणार आहे. शिकायला किती दिवस लागतात, व्हिजन मिक्सर (कॅमेऱ्यांची चित्रं हातानं बदलायचं यंत्र) आलाच पाहिजे का, आणि एकदा ऑटोवर टाकलं की बुलेटिन आपोआप पूर्ण होतं ना?

तिसऱ्याचं उत्तर आधी देते. होतं. आणि तिथंच घात होतो.

मी सांगलीत 2017 पासून पॅनलवर बसते. पहिली दोन वर्षं माझाही समज तुमच्यासारखाच होता, कारण मला तसंच शिकवलं होतं. 'ऑटो लावलं की हात मांडीवर', हे आमच्या तेव्हाच्या प्रमुखांचं आवडतं वाक्य. रनडाउन (बातम्यांची क्रमवार यादी) डेस्क लावणार, प्रोड्युसर बघणार, पॅनलवाल्यानं पहिला टेक (बातमी हवेत सोडायची आज्ञा) द्यायचा आणि शेवटी साइनऑफ गेला की उठायचं. मध्ये बोट लावलं की लॉगमध्ये दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागायचा.

ऑगस्ट 2019, पहिला आठवडा. सांगलीबाहेरच्यांसाठी एवढं सांगते की आमच्याकडे पूर मोजतात तो आयर्विन पुलापाशी आणि फुटांत. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोक्याची. पण सांगलीकराला हे दोन आकडे पुरत नाहीत, त्याच्या डोक्यात स्वतःच्या गल्लीचा आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरची माणसं इशारा पातळीच्या कितीतरी आधी बोचकी बांधतात. मारुती चौकाकडच्यांचा आकडा वेगळा, गावभागातल्यांचा वेगळा. त्यामुळे पावसाळ्यात आमच्या बुलेटिनमध्ये लोक सगळ्यांत जास्त काय बघतात, तर पाणीपातळीची प्लेट, म्हणजे पडद्यावरची मजकुराची पट्टी. आयर्विन पूल, इतके फूट इतके इंच. प्लेट वाचायची आणि टीव्ही बंद करून सामान उचलायला लागायचं.

त्या दिवशीची प्लेट दुपारी तीनला बनली होती. बुलेटिन सातचं. पाणी तासातासाला चढत होतं. सात वाजायला दहा कमी असताना पुलावरच्या आमच्या वाहिनीच्या पोराचा फोन डेस्कवर आला, नवा आकडा घेऊन. डेस्कवरच्या पोरानं लगेच रनडाउन उघडून स्क्रिप्टमध्ये आकडा दुरुस्त केला. म्हणजे अँकरच्या टीपीवर (वाचायच्या टेलिप्रॉम्प्टरवर) नवा आकडा गेला. प्लेटवर मात्र जुनाच राहिला, कारण स्क्रिप्ट आणि प्लेटचा मजकूर हे दोन वेगळे खाने. एकात बदललं म्हणून दुसऱ्यात बदलत नाही. मॉस प्रोटोकॉलवरून रनडाउन आणि ग्राफिक्सचं मशीन एकमेकांशी बोलतात हे खरं, पण ते बोलतात क्रम काय आणि कोणती प्लेट कोणत्या बातमीला हे. प्लेटवरचा आकडा शिळा झालाय हे त्यांना कुठून कळणार?

मला कळलं. तिसऱ्या बातमीचं पॅकेज (आधी कापून ठेवलेला व्हिडिओ) चालू होतं, त्याची ओळ लाल, म्हणजे हवेत. चौथी हिरव्या पट्टीत, म्हणजे पुढची म्हणून, येऊन थांबली आणि तिची प्लेट प्रिव्ह्यूत दिसली. टीपीची नक्कल माझ्या डाव्या हाताच्या स्क्रीनवर असते. दोन आकडे शेजारी शेजारी, फूटभराहून जास्त फरक. काउंटडाउन 11 सेकंदांवर. बोट होल्डवर होतं, म्हणजे ऑटो जागीच थांबवायच्या बटणावर. प्रोड्युसर मागे फोनवर बोलत उभे होते. मी वळून 'सर' म्हटलं. त्यांनी तळहात दाखवला, थांब म्हणून. 11 चे 3 झाले. मी बोट उचललं. पॅकेज संपलं, ऑटोनं चौथी घेतली. कॅमेरा दोन, अँकरचा माइक उघडला, चार सेकंदांनी प्लेट. एक फ्रेम इकडची तिकडे नाही. अँकरच्या तोंडी नवा आकडा, खाली प्लेटवर जुना, आणि ती प्लेट 14 सेकंद राहिली.

माझी मावशी तेव्हा मारुती चौकामागच्या गल्लीत तळमजल्याला राहायची. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर 2005 च्या पुराची रेघ होती, रंगकाम काढलं तेव्हाही तिनं ती पुसू दिली नव्हती. तिचा हिशेब पक्का असायचा. अमुक आकड्याला पाणी गल्लीच्या तोंडाशी, अमुक आकड्याला उंबऱ्याला. काका औषध घेऊन लवकर झोपायचे म्हणून ती रात्रीचा टीव्ही आवाज बंद करून बघायची. त्यामुळे अँकरनं वाचलेला बरोबर आकडा तिच्यापर्यंत गेलाच नाही. तिनं प्लेट वाचली, अजून रात्र हातात आहे असं धरलं, गहू आणि शिलाई मशीन सकाळी माडीवर चढवू म्हणाली आणि अंथरूण घातलं. रात्री दोनला पाणी खाटेच्या पायाशी. शेजारच्या पोरांनी दोघांना जिन्यावर घेतलं, म्हणून माणसं वाचली. मशीन पाण्यातच राहिलं. पूर ओसरल्यावर मी गेले तेव्हा त्याच्या टेबलाची फळी फुगून उलली होती आणि खणातले रिळांचे दोरे गाळात चिकटून एकच लगदा झाले होते. त्या मशीनवर तिनं तीस वर्षं लोकांची ब्लाउजं शिवली होती.

तिनं मला कधी बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, 'टीव्हीवर तर अजून तेवढंच दाखवत होते गं.' पॅनलवर त्या वेळी मी असते हे तिला माहीत होतं.

पूर गेल्यावर ऑफिसात बैठक झाली. प्रमुखांनी लॉग काढून दाखवला. सॉफ्टवेअरनं काही चुकवलं नाही, रनडाउनप्रमाणे गेलं, ऑपरेटरचीही चूक नाही. मला सोडवायलाच म्हणत होते ते. मला सुटायचं नव्हतं. मी विचारलं, होल्डचं बटण पॅनलवर आहे, तर निर्णय पॅनलवर का नाही? ते म्हणाले, 'उद्या प्रत्येक ऑपरेटर बातमी थांबवायला लागला तर बुलेटिन चालवणार कोण?' ती जागा सोडेपर्यंत या एका वाक्यावर आमचं पटलं नाही. अजूनही मी तेच खोडतेय आणि हे उत्तरसुद्धा बऱ्याच अंशी त्यासाठीच लिहितेय.

कारण हिशेब करून बघा. होल्ड दाबला असता तर काय झालं असतं? पॅकेजची शेवटची फ्रेम चार-पाच सेकंद गोठली असती. तेवढ्यात प्लेटच्या खान्यात आकडा टाइप करून मी टेक दिला असता. गोठलेली फ्रेम बघून सांगलीत कुणाचं काही वाहून गेलं नसतं. फार तर मालकाला कुणीतरी फोन केला असता, 'तुमचं चॅनल अडकलं होतं का?' त्या एका फोनला घाबरून आपण पॅनलवर बसलेल्या माणसाचे हात बांधून ठेवतो.

आता तुमच्या शिकण्याचं. रनडाउन, टेक, प्रिव्ह्यू-प्रोग्राम हे तुम्हाला येत असणार, त्यात जात नाही. घरी सराव करायचा तर स्वीडनच्या सरकारी वाहिनीनं, एसव्हीटीनं, बनवलेलं कॅस्परसीजी हे ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यांच्याकडे ते 2006 पासून प्रक्षेपणात आहे आणि फुकट आहे. व्हिडिओ कार्ड नसलं तरी आउटपुट संगणकाच्या स्क्रीनवर काढता येतं. त्याच्या क्लायंटवर एफ2 म्हणजे प्ले, एफ1 म्हणजे स्टॉप, एफ6 म्हणजे अपडेट. यातला प्ले आणि अपडेटचा फरक बोटांत बसेपर्यंत गिरवा. प्लेट पडद्यावर असताना आकडा बदलून पुन्हा प्ले दिलात तर ती पहिल्यापासून येते, अ‍ॅनिमेशनसकट, आणि प्रेक्षकाला धक्का बसल्यासारखं दिसतं. अपडेट दिलंत तर प्लेट जागची हलत नाही, फक्त आकडा बदलतो. त्या रात्री प्लेट लागल्यावरसुद्धा माझ्याकडे 14 सेकंद होते. अपडेट मला येत होतं. मी केलं नाही.

कॅस्परसीजी हाती बसलं की सोफी हे ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर बघा. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीनं, एनआरकेनं, बनवलंय, तेही खुलं आहे. अख्खं बुलेटिन एका पॅनलवरून कसं हलतं, एका टेकमागे कॅमेरा, मिक्सर, माइक आणि प्लेट अशा किती आज्ञा सुटतात, ते त्यात नीट समजतं. नोकरीच्या जागी वेगळं सॉफ्टवेअर असलं तरी बिघडत नाही, बटणांची नावं बदलतात, डोकं तेच लागतं. एक किरकोळ पण महत्त्वाचं: प्लेट जुन्या फ्लॅशमधल्या असतील तर 'कृष्णा'तलं जोडाक्षर फुटतंय का ते प्रिव्ह्यूत बघत जा. एचटीएमएलच्या प्लेटमध्ये हा त्रास सहसा होत नाही.

मी आता काय करते ते सांगते. बुलेटिनच्या आधी अर्धा तास रनडाउन उघडून ज्या बातमीच्या प्लेटवर आकडा आहे तिच्या आधीचा ऑटो काढून टाकते, म्हणजे तिथं मी टेक दिल्याशिवाय पुढं जात नाही. पाणीपातळी, धरणाचा विसर्ग, मृतांची संख्या, शाळेची सुट्टी, मतमोजणी. मृत्यूच्या बातमीनंतर जाहिरात लागत असेल तर तिथलाही ऑटो काढते. बुडून गेलेल्या पोराच्या बातमीला लागून सोन्याच्या दुकानाचं गाणं वाजलेलं मी एकदा ऐकलंय, पुन्हा ऐकायचं नाही. बाकीचं बुलेटिन खुशाल ऑटोवर जातं. हवामान, क्रीडा, बाजारभावाचं पॅकेज, यात मला हात घालायची हौस नाही, आणि तिथं मशीन माझ्यापेक्षा सरस आहे हे कबूल. 25 फ्रेमच्या सेकंदात बरोबर फ्रेमवर कट देणं माणसाला रोज जमत नाही.

साताऱ्यात तुमच्या वाट्याला कोयनेची प्लेट येणार. साठा टीएमसीत, विसर्ग क्यूसेकमध्ये. साठ्याचा आकडा तासाभरानं शिळा झाला तर फारसं अडत नाही, 105.25 टीएमसीचं धरण आहे. विसर्गाच्या आकड्याचं तसं नाही. दरवाजे किती फुटांवर उचलले हे बदललं की तो आकडा एका झटक्यात बदलतो, आणि ते पाणी कराडला कृष्णेला मिळून खाली आमच्याकडेच येतं. तुमची प्लेट आमच्याकडचे लोकसुद्धा मोबाइलवर बघतात. त्या प्लेटवर 'सायंकाळी 6 वाजता' अशी वेळ टाकायचा आग्रह धरा. वेळ लिहिलेली प्लेट शिळी झाली तरी वाचणाऱ्याला कळतं. आमच्या त्या प्लेटवर वेळ नव्हती.

रुजू व्हाल त्या दिवशी एकच विचारा: होल्डचा अधिकार कुणाचा? 'प्रोड्युसरचा' म्हणाले तर पुढचं विचारा, प्रोड्युसर फोनवर असेल तेव्हा कुणाचा? मी नव्या जागी हे विचारलं. मालक तोंडी हो म्हणाले, मी ते कागदावर घेतलं. तो कागद पॅनलशेजारी चिकटवलेला आहे.

हे सगळं लहान वाहिनीचं झालं, जिथं पीसीआरमध्ये, म्हणजे बुलेटिन चालवायच्या खोलीत, तीन माणसं असतात. मुंबईच्या मोठ्या वाहिनीत डायरेक्टर शेजारी बसलेला असतो, तिथं त्याला न विचारता होल्ड दाबलात तर ती तुमची चूक ठरेल आणि ते योग्यच आहे. मोठ्यानं ओरडून सांगायचं, तळहात दाखवला तरी दुसऱ्यांदा सांगायचं. आणि नवीन असताना खात्री नसेल तर होल्डपेक्षा प्लेट गाळलेली बरी. अँकर आकडा वाचतेच.

राहिला मिक्सर. शिका. ऑटोमेशनचा सर्व्हर अडकला की पॅनलवरची सगळी बटणं एकदम मुकी होतात, तेव्हा मिक्सरच्या पट्टीवर हात टाकून कॅमेरा एकचा कट देता आला पाहिजे आणि ऑडिओचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) हातानं उघडता आला पाहिजे. आम्ही दर सोमवारी दुपारच्या तालमीला ऑटोमेशन बंद ठेवून दहा मिनिटं हातानं चालवतो. तुमच्याकडे पद्धत नसेल तर तुम्ही सुरू करा. पॅनलची बटणं आठवड्याभरात येतील, मिक्सरला दोन-तीन महिने धरा.