नाशिकमध्ये राहून ओपन सोर्सवर घर चालतं का?

तुम्ही विचारलंय की गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, ८०० स्टार (तिथले लाइक) असलेला प्रोजेक्ट आहे, अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडून नाशिकमध्येच राहून पूर्ण वेळ ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा ठेवून काम, करायचंय, तर पोट भरेल का. माझं गेली सहा वर्षं भरतंय, इंदिरानगरला दोन खोल्यांचं ऑफिस आहे, म्हणून लिहितो. पण स्टारवर नाही भरत हे आधीच सांगून टाकतो, स्टार देणारे म्हणजे लग्नात जेवून 'जोडा छान दिसतो हं' म्हणून जाणारे लोक, आहेर करणारे वेगळे.

मीही तुमच्यासारखीच सुरुवात केली होती. बिलावर खाली 'अक्षरी रुपये' लिहिलेलं असतं ना, तशी रक्कम मराठीत अक्षरात लिहून देणारी छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या सॉफ्टवेअरला जोडायचा तयार कोड, केली. मराठीत शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, नियम लावून भागत नाही, त्यात एकोणऐंशी-एकोणनव्वदचा घोळ, सगळं हाताने टाइप करून आईकडून तपासून घेतलं. खाली मदतीसाठी यूपीआयचा क्यूआर कोड लावला. तीन वर्षांत जे जमलं त्यात घरच्या चौघांची एकदा मिसळ झाली, एक्स्ट्रा पावाचे पैसे खिशातून घातले. आणि गंमत म्हणजे पतसंस्थांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीतून मेल आला, अर्जंट आहे, संध्याकाळपर्यंत बग काढा. म्हणजे हे लोक माझी लायब्ररी वापरून गिऱ्हाइकाकडून पैसे घेत होते आणि मला पत्ताच नाही. मी तेव्हा भोळा, बसून काढून दिला, साधं थँक्यू पण आलं नाही.

हे फक्त आपल्याच नशिबात आहे असं नाही बरं का. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा बग सापडला तेव्हा जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटची कुलपं ज्या ओपनएसएसएल नावाच्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर चालतात त्याला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती.

मग माझं गाडं कशावर चालतं, तर एएमसीवर, वर्षभराच्या देखभालीच्या करारावर. हो, तीच, पाण्याच्या फिल्टरची असते ती. धंद्याचे हिशेब-स्टॉक सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट माहिती असेलच, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, सगळा कोड उघडा आणि कंपनी कमावते होस्टिंग-सपोर्टवर. त्यावर चालणारं द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं छापायचं एक ॲप मी केलंय, तेही गिटहबवर उघडंच आहे, कोणीही घ्या. दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसवाल्याने ते लावून घेतलं. फेब्रुवारीत ३ तारखेला रात्री अकराला फोन, लेबलवर तारीख उलटी येतीये. मी अपडेट टाकला होता त्यात तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी असं झालं, म्हणजे ३ फेब्रुवारीचा माल लेबलवर २ मार्चचा दिसतोय, आणि तो युरोपला जायचा, कंटेनर सकाळी जेएनपीटी बंदराला निघणार. स्कूटर काढली आणि गेलो. आत प्रीकूलिंगचा गारठा, बायका डोक्याला जाळ्या लावून थांबलेल्या, पेट्यांची थप्पी छातीपर्यंत, प्रिंटर बंद. चूक एका ओळीची, दहा मिनिटांत सुटली, मग जुनी लेबलं नखाने खरवडून काढायला मीपण बसलो पहाटे तीनपर्यंत.

नंतर ती दुरुस्ती गिटहबवर टाकली तर शेठ म्हणाले, मग ही शेजारच्या पॅकहाऊसला पण फुकटच मिळणार का? म्हटलं मिळणार, पण रात्री अकराला तो फोन कोणाला करणार? शेठना हे लगेच पटलं, देणगीचं कधी पटलं नसतं. आपल्याकडे देणगी देवळाला देतात, मशीनला एएमसी.

आणि यात लाजण्यासारखं काही नाही, फुकट वाटायचं आणि पैसे पण घ्यायचे हे कसं असं वाटतं पोरांना. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारा स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये त्याच्या ईमॅक्स एडिटरची टेप १५० डॉलरला विकायचा, त्याच्याच जीपीएल लायसन्समध्ये विकायला कुठेही बंदी नाही. रेड हॅटचा धंदा तरी दुसरा काय होता, लिनक्स सगळ्यांचंच पण सपोर्ट आमचा, आणि आयबीएमने २०१९ मध्ये ती ३,४०० कोटी डॉलरला घेतली. अर्थात आपण नाशकात बसून रेड हॅट होणार नाही, पण पाच-सहा एएमसीवर घर नक्की चालतं.

बाकीचे रस्ते थोडक्यात. नोकरी हाच सगळ्यात मोठा रस्ता आहे, लिनक्सच्या कर्नलमधलं, म्हणजे गाभ्यातलं, बहुतेक काम कंपन्यांचे पगारी लोकच करतात, तर जी कंपनी एखादा प्रोजेक्ट वापरते त्या प्रोजेक्टमध्ये तुमचे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) आधीच गेले असतील तर इंटरव्ह्यू अर्धा झालेला असतो. ओपन सोर्सवर काम करणाऱ्या नवख्यांना गुगल पैसे देतं ते गुगल समर ऑफ कोड २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही, पण ते काही महिन्यांचं मानधन, त्यावर ईएमआय काढू नका. शेअर ब्रोकर झिरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रोजेक्टना मदत द्यायला फ्लॉस फंड सुरू केलाय, वर्षाला १० लाख डॉलर वाटतात, एका प्रोजेक्टला १० हजारापासून १ लाख डॉलरपर्यंत, पण तो आधीच भरपूर वापरात असलेल्या प्रोजेक्टसाठी आहे, ८०० स्टारवर आशा धरू नका. तोच कोड कंपन्यांना वेगळ्या लायसन्सने विकायचा विचार असेल तर आत्ताच सावध व्हा, ज्यांनी ज्यांनी पॅच दिलेत त्यांची परवानगी लागते, नंतर माणसं सापडत नाहीत. बाहेरून डॉलर आले तर बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे त्याचा नंबर, विचारते, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा पी०८०२, आणि एफआयआरसी, म्हणजे बाहेरून पैसे आल्याचा बँकेचा दाखला, जपून ठेवा, जीएसटीचं सीएला विचारा, भावाच्या मित्राला नको.

नोकरी आत्ता सोडू नका. तुमच्या ८०० पैकी कोण धंद्यात वापरतंय ते इश्यू (तक्रारी) टाकणाऱ्यांच्या कंपनीच्या मेलवरून कळेल, त्यातल्या तिघांना सरळ विचारा, वर्षाचा सपोर्ट हवाय का, आणि आकडा सांगा. आकडा मात्र नीट सांगा. मी त्या शेठना पहिल्या वर्षी १५ हजार म्हटलं होतं, त्यांनी चहा संपायच्या आत चेक फाडला, तेव्हाच कळलं की चुकलो.