चाळिशी ब्रूजला की यॉर्कला?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. यजमान स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, तिकडे जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा, दोघांचा जन्म पुण्याचा. मेअखेर यजमानांची चाळिशी आहे. ते निमित्त साधून शनिवार-रविवारला एखादा दिवस जोडायचा आणि युरोस्टार रेल्वेने बेल्जियममध्ये ब्रुसेल्स, तिथून ब्रूज करून यायचं, असा बेत. हिशेब त्यांनीच मांडलाय: युरोस्टार ४३८ पौंड, दोन रात्रींचं हॉटेल ३२०, बाकी खाणंपिणं, बोट, स्थानिक गाड्या मिळून २३०. दर महिन्याला ६०० पौंड शिल्लक राहतात. आयएलआरसाठी, म्हणजे तिकडे कायम राहण्याच्या परवानगीसाठी ५,४०० जमलेत, अडीअडचणीचे ७,००० वेगळे आहेत. यजमान म्हणतात, तिकिटाचे पैसे तीन बिनव्याजी हप्त्यांत देऊ. सासरे म्हणतात, हप्ते-बिप्ते नकोत, पुण्यातली एफडी मोडा. ताई विचारतात, जावं का, आणि पैसे कुठून काढावेत?

ताई, जावं. तीन वर्षांत घर, शाळा, ऑफिस याखेरीज काही पाहिलं नाही असं तुम्ही लिहिलंय. अशा घराला मी 'काटकसर करा' म्हणून परत पाठवणार नाही. पण मेमध्ये ब्रूजला जाऊ नका.

तुमच्या ९८८ पौंडांच्या यादीत व्हिसा कुठेच दिसला नाही. तिकडच्या सहकाऱ्यांचं बोलणं ऐकून असं होतं. त्यांच्या ब्रिटिश पासपोर्टला एवढ्याशा सहलीसाठी व्हिसा लागत नाही. आपल्या भारतीय पासपोर्टला बेल्जियमसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो, मग राहायला इंग्लंडमध्ये असलो तरी. जून २०२४ पासून त्याची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. सहाच्या आतल्यांना काही नाही, म्हणजे चिरंजीव फुकट. तुम्हा तिघांचे २२५ युरो, साधारण दोनशे पौंड. त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा, आणि बोटांचे ठसे द्यायला रजा काढून मारलेली एक फेरी. मुलांचे ठसे बाराव्या वर्षापर्यंत घेत नाहीत, तेवढाच दिलासा. एकूण आकडा साडेबाराशेकडे जातो. आणि हातात काय पडतं? एक अख्खा दिवस आणि आगेमागे दोन अर्धे.

व्हिसाची फी दोन दिवसांना तेवढीच आणि दहा दिवसांना तेवढीच. म्हणून ती वीकेंडवर खर्च करायला माझा जीव होत नाही. ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत, आठवडाभर जा. ब्रूजला तीन रात्री, जवळचं गेंट शहर, परतीला दोन दिवस पॅरिस, सगळं एकाच व्हिसात. अर्ज जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे करायचा, म्हणजे बेल्जियमकडे. हाफ-टर्मला भाडी चढी असतात हे खरं, पण तोवर पैसे जमवायला तुम्हाला उन्हाळा मिळतो. ब्रूजचा घंटाघराचा मनोरा ८३ मीटर उंच आहे, वर जायला ३६६ पायऱ्या, तेव्हा चिरंजीव तोवर जरा मोठे झालेले बरे!

तुमच्याकडे आधीच मल्टिपल एन्ट्रीचा चालू शेंगेन व्हिसा असेल तर मात्र वरचं सगळं सोडा आणि खुशाल मेमध्येच जा. पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून नाही असं धरलंय.

आता हप्त्यांबद्दल. बिनव्याजी आहेत, मान्य. माझी हरकत व्याजाला नाही, क्रमाला आहे. हप्त्यावर तिकीट काढलंत की पैसे अडकले, आणि व्हिसाचा निर्णय अजून लागायचाच असतो. अर्जावर साधारण १५ दिवसांत निर्णय येतो, पण काही वेळा ४५ दिवसही लागू शकतात, आणि त्याआधी अपॉइंटमेंट मिळणं हा वेगळाच खेळ. व्हिसा वेळेत आला नाही तर गाडी निघून जाईल आणि हप्ते मात्र जुलैपर्यंत खात्यातून जात राहतील. परदेशी सहलीत आधी व्हिसा, मग परत न मिळणारा पैसा. तोवर फक्त मोफत रद्द करता येईल असं हॉटेल धरून ठेवायचं.

अडीअडचणीच्या सात हजारांतून 'तात्पुरते' काढू असंही यजमानांनी सुचवलंय. तिथे मी ठाम नाही म्हणेन. स्किल्ड वर्करची नोकरी गेली तर व्हिसाची मुदत साधारण ६० दिवसांवर आणली जाते. तेवढ्यात नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची हमी घेणारी नवी कंपनी शोधायची, नाहीतर चौघांनी बाडबिस्तरा आवरायचा. स्थानिक माणसाला नोकरी गेल्यावर जो सरकारी आधार मिळतो, त्यातला बराचसा तुम्हाला व्हिसाच्या अटींमुळे मिळत नाही. त्यामुळे हे सात हजार मला कमीच वाटतात.

आयएलआरचे ५,४०० तर विसरूनच जा. एप्रिल २०२५ मध्ये आयएलआरची फी माणशी ३,०२९ पौंड झाली, त्या दराने चौघांचे १२,११६. हातातले वजा जाता ६,७१६ उरतात. पाच वर्षांच्या नियमाने तुमच्या हाती दोन वर्षं आहेत, म्हणजे महिना २८०. तुम्ही म्हणाल, सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत पाच वर्षांची मुदत दहाकडे नेण्याचं सूतोवाच केलंय, मग आत्ताच का साठवायचं? कारण मुदत वाढली तर व्हिसा वाढवावा लागेल, आणि व्हिसाबरोबर सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा हेल्थ सरचार्ज वर्षाला मोठ्यांना १,०३५ आणि मुलांना ७७६ आहे. चौघांचे वर्षाला ३,६२२, तीन वर्षांचे १०,८६६, तेही एकरकमी, अर्जाची फी वेगळी. कंपनी यातलं काही भरणार असेल तर एचआरकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर नको. पण नियम कसेही फिरले तरी दहा-बारा हजारांची तजवीज तुम्हाला चुकत नाही. हे पैसे कॅश आयसामध्ये (व्याजावर कर न लागणाऱ्या तिकडच्या बचत खात्यात) ठेवा, हवे तेव्हा काढता येतील अशा. शेअर बाजारात नको, दोन वर्षं ही मुदत फार तोकडी आहे.

म्हणजे तुमच्या ६०० पैकी २८० बोलून ठेवलेले. खेळायला उरतात ३२०. सहल यातूनच व्हायला हवी. मेपर्यंत दोन महिन्यांचे ६४० होतात, आणि त्यात यॉर्क आरामात बसतं.

यॉर्क म्हणजे ब्रूजची दुधाची तहान ताकावर, असं यजमानांना वाटू देऊ नका. रोमनांचं एबोराकम ते हेच, आणि इ. स. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट म्हणून घोषित केलं ते इथेच. जवळपास साडेतीन किलोमीटरचा तट अजून उभा आहे आणि त्यावरून फुकट चालता येतं. आतल्या कडेला सगळीकडे कठडा नाही, चिरंजीवांचा हात सोडू नका. द शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली आहे, वरचे मजले एकमेकांकडे झुकलेले. मिन्स्टर कॅथेड्रलला तिकीट आहे, ते काढा. रेल्वे म्युझियमला तिकीट नाही, आणि १९३८ मध्ये ताशी १२६ मैल धावून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं मॅलार्ड तिथेच आहे. पाच वर्षांच्या मुलाला तिथून बाहेर काढणं हाच काय तो प्रश्न.

आधी ३५ पौंडांचं फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा. मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश सूट, ५ ते १५ वर्षांच्या मुलांच्या भाड्यात ६० टक्के. दोघांची मिळून १०५ पौंडांची तिकिटं झाली की कार्ड वसूल, आणि मुलांची सूट तर मी धरलीच नाही. ते वर्षभर चालतं, त्यामुळे डिसेंबरात बाथसारख्या एखाद्या गावी गेलात तरी उपयोगी पडेल. मात्र प्रवासात किमान एक मूल सोबत हवंच. दोघंच लंडनला नाटकाला निघालात तर ते चालणार नाही. किंग्ज क्रॉसहून यॉर्क दोन तासांवर आहे. ॲडव्हान्स तिकीट ठरावीक गाडीचंच असतं, तेव्हा रेडिंगहून पॅडिंग्टन आणि तिथून किंग्ज क्रॉस गाठायला सढळ हाताने वेळ ठेवा. दोन रात्रींचं साधं हॉटेल आणि जाताना घरचा डबा धरून माझ्या अंदाजाने पाचशे-साडेपाचशेत सगळं होईल.

एक सोय बघा. मेअखेरच्या बँक हॉलिडेला भाडी कडाडतात, आणि हाफ-टर्मही तेव्हाच असते. मुलांच्या शाळेचा इन्सेट डे (शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मुलांना सुट्टी असते तो दिवस) जवळपासच्या एखाद्या शुक्रवारी किंवा सोमवारी येतोय का? शाळा बंद आणि बाकीचं जग कामावर, असा दिवस गाठलात तर तीच गाडी आणि तीच खोली बरीच स्वस्त मिळू शकते. चाळिशी आठवडाभर पुढेमागे झाली तर यजमान तक्रार करणार नाहीत.

राहिली पुण्यातली एफडी. मोडू नका; एका सहलीसाठी मुदतीआधी मोडून व्याज का घालवायचं? पण सासऱ्यांनी विषय काढलाच आहे तर बँकेत एक चौकशी करा. परदेशी राहायला गेल्यावर भारतातलं साधं बचत खातं आणि त्यावरच्या ठेवी एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या प्रकारात करून घ्याव्या लागतात. तीन वर्षांत ते केलेलं नसेल तर आधी ते उरका. व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जाईल, त्याने दचकू नका. भारतातलं उत्पन्न थोडं असेल तर विवरणपत्र भरून जास्तीचा कर परत मागता येतो. अर्ज, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आणि परदेशी पत्त्याचा पुरावा एवढं बहुतेक बँका मागतात. सासऱ्यांना शाखेत पाठवण्याआधी फोन करून यादी विचारून घ्या, म्हणजे त्यांचे हेलपाटे वाचतील.