रुबी की माणिक?

"ताई, आम्ही मूळचे सांगलीचे, सात वर्षं झाली लेस्टरला राहतो. जुलैत मुलगी झाली. जुलैचा खडा माणिक, म्हणून मी तिचं नाव 'रुबी' ठरवलंय. इथं सगळ्यांना ते सहज म्हणता येतं. सासूबाई सांगलीहून सांगतायत, 'माणिक ठेवा, माझ्या आईचं नाव.' आमचे हे दोघींच्या मधे अडकलेत. जन्मनोंदणीला अजून तीन आठवडे आहेत. काय करू?"

लेकीला उदंड आयुष्य लाभो. तुम्ही आणि सासूबाई, दोघी एकच नाव धरून बसला आहात. रुबी म्हणजेच माणिक. इंग्रजीतलं नाव लॅटिनमधल्या 'लाल' या शब्दावरून आलं. कुरुंद नावाच्या खनिजात क्रोमियमचा अंश उतरला की ते लाल होतं, त्याला आपण माणिक म्हणतो. त्याच कुरुंदात लोखंड आणि टायटॅनियम आलं की निळा नीलम तयार होतो. सराफाच्या डबीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले हे दोन खडे सख्खी भावंडं आहेत.

आता 'जुलैचा खडा'. ही जी महिन्यांची यादी आज सगळीकडे दिसते, ती १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेनं ठरवली. आपल्याकडे खडे ग्रहांना जोडलेले: माणिक रवीचं, मोती चंद्राचा, पाचू बुधाचा, नीलम शनीचा. जुलैचा मान राखायला माझी काहीच हरकत नाही, पण तेवढ्या एका कारणावर नाव ठरवू नका. आणि कुणी 'नीलम सगळ्यांना लाभत नाही' अशी भीती नावालाही लावत असेल, तर तिकडे लक्ष देऊ नका. नाव म्हणजे बोटातली अंगठी नव्हे.

रुबीच्या लोकप्रियतेची गोष्ट मला मात्र फार भावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मुलींना रत्नांची नावं द्यायची मोठी हौस होती: रुबी, पर्ल, ओपल, बेरिल. पुढं ही नावं म्हातारी वाटू लागली आणि मागं पडली. मग पणत्यांनी ती पुन्हा उचलली, आणि २००८ च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये मुलींच्या पहिल्या पाच नावांत रुबी होती. म्हणजे लेस्टरच्या शाळेत तुमच्या मुलीशेजारी जी रुबी बसेल, तिला बहुधा तिच्याच पणजीच्या पिढीचं नाव मिळालेलं असेल. सासूबाई तरी याहून वेगळं काय मागतायत?

त्यातली बेरिल तर आपलीच. तो शब्द ग्रीकमधून मागं मागं नेला की आपल्या प्राकृतातल्या 'वेरुलिय'शी, म्हणजे वैडूर्याशी जाऊन भिडतो. मार्गारेट म्हणजे ग्रीकमध्ये मोती. आपल्या मुक्ताची ती अर्थानं जुळी बहीण.

आपल्याकडेही रत्नांच्या नावांना तोटा नाही. आमच्या भागात हिराबाई, रत्नाबाई, मोतीराम, माणिकराव गल्लोगल्ली होते. हिराबाई बडोदेकरांचा जन्म आपल्या मिरजेचाच, १९०५ चा. मुक्ता तर थेट ज्ञानेश्वरांच्या घरातली. मधल्या पिढीला ही नावं जुनाट वाटली, म्हणून आपण ती सोडली. मला त्याची हळहळ आहे.

पण परदेशात एक गोष्ट आधी तपासा: रोमन लिपीत नाव कसं वाचलं जातं. माणिक जर एम-ए-एन-आय-के असं लिहिलं, तर शिक्षिका पहिल्याच दिवशी 'मॅनिक' म्हणेल, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ उन्माद चढलेला असा होतो. हे गंभीरपणे घ्या. पोरं वर्गात सोडत नाहीत. एम नंतर दोनदा ए लिहिलं की वाचणारा 'मा'वर थांबतो. रत्नाचं तसंच आहे, सुरुवातीला 'रॅट' वाचलं जातं. मुक्ताचं 'मुक्टा' होतं, ते चालण्यासारखं आहे. नीलम आणि हिरा यांना कुठंच अडचण नाही. पुष्कराज मला फार आवडतं, पण तिकडं त्याचं अर्ध्यावर 'पुश' होईल. मोती मुलाला ठेवू नका. इथं सुट्टीला आलात की गल्लीतली कुत्री वळून बघतील.

दुसरी कसोटी इथली. गेल्या वर्षी आमच्या शेजारी, गावभागात, एक बारसं झालं. बाळ मेलबर्नला, पाळणा सांगलीत. आजीनं माळ्यावरचा लाकडी पाळणा उतरवून पुसला आणि टोपडं घातलेला वरवंटा त्यात निजवला. फोन तांब्याला टेकवून उभा केला. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बायकांनी वरवंटा पाळण्याखालून फिरवला. आत्या वाकली, त्याच्या कानाशी नाव सांगून 'कुर्रर्र' केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. सगळं रीतसर झालं. बायका गेल्यावर आजी हळूच माझ्याजवळ आली. "आत्यानं नाव काय घेतलं गं? ऐकू आलं, पण बसलं नाही." मी तीनदा सांगितलं. तिनं तीनदा म्हणून बघितलं, आणि प्रत्येक वेळी ते वेगळंच झालं. आज वर्ष होत आलं, ती नातीला 'छकुली' म्हणते. नावानं हाक तिनं अजून एकदाही मारलेली नाही.

या कसोटीला रुबी उतरते. सासूबाईंच्या तोंडात ती सहज बसेल. पण माणिक म्हणताना त्यांना आई आठवेल, आणि ते रुबीनं होणार नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते. दोन्ही ठेवा, आणि दोन्ही कागदावर ठेवा. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची असते आणि मुलाला एकाहून जास्त नावं देता येतात. नुसतं 'घरात माणिक म्हणू' असं ठरवलंत, तर शाळा सुरू झाली की ते नाव दोन वर्षांत पुसलं जाईल. मी अशी घरं पाहिली आहेत. पहिलं कुठलं लिहायचं ते तुम्ही ठरवा, आई तुम्ही आहात. मला विचाराल तर माणिक पहिलं. स्पेलिंग मात्र नोंदणीच्या आधी एका कागदावर पक्कं करा आणि जन्मदाखला, पासपोर्ट, शाळा, सगळीकडे तेच अक्षर न् अक्षर चालवा. एका 'ए'च्या फरकानं पुढं भारतीय कागदपत्रांत किती हेलपाटे पडतात, ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा.

आणि आज रात्री सासूबाईंना फोन करा. नावाचा विषय काढू नका. त्यांच्या आईला घरात काय म्हणून हाक मारायचे, तेवढं विचारा. माणू असेल, माणिकअक्का असेल. त्या बोलू लागल्या की मधे थांबवू नका, आणि फोन बाळाच्या कानाजवळ धरा.